मसावि आणि लसावि काढताना होणाऱ्या चुका टाळा

काटोल-वरुडकडे संत्र्याची बाग लावणारा शेतकरी ८४ मीटर लांब व ६० मीटर रुंद आयताकृती वावराला कुंपण घालत आहे, चारही कोपऱ्यांत खांब हवेत आणि खांबांमधील अंतर सर्वत्र सारखे व जास्तीत जास्त हवे, असे उदाहरण दिले की बरेच विद्यार्थी लगेच लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य) काढून ४२० लिहितात. ८४ मीटरच्या धुऱ्यावर ४२० मीटर अंतराचे खांब लागतील कसे, हा प्रश्न त्यांना पडत नाही. दिलेल्या लांबीचे समान तुकडे करायचे असतील तर विभाजक शोधावा लागतो, आणि तो लहान संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही. म्हणून येथे मसावि (महत्तम सामाईक विभाजक), म्हणजे १२ मीटर, हेच उत्तर आहे. पुढची चूक खांब मोजताना होते. बाजूंवर ८, ८, ६ आणि ६ असे २८ खांब धरले जातात, परंतु त्यात चारही कोपरे दोनदा मोजले जातात. परिमिती २८८ मीटर, भागिले १२, म्हणजे खांब २४ च.

याउलट पऱ्हाटीला दर ८ दिवसांनी पाणी आणि दर १२ दिवसांनी फवारणी असेल व आज दोन्ही कामे एकत्र आली असतील, तर ती पुन्हा कधी एकत्र येतील, येथे विभाज्य हवा. गुणाकार करून ९६ लिहिणाऱ्याने सामाईक विभाज्य शोधला हे खरे, पण लघुत्तम नाही. पहिली वेळ २४ दिवसांनीच येते. केवळ गुणाकारावर भागते ते ८ आणि ९ सारख्या सहमूळ, म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या, संख्यांच्या बाबतीत.

उभ्या मांडणीत ७२ आणि ६० यांना २ ने भागून ३६ आणि ३० आले की काही जण तेथेच थांबून मसावि २ लिहितात. उरलेल्या संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक राहू नये, इथपर्यंत भागत जावे: पुन्हा २ ने, मग ३ ने, आणि शेवटी ६ व ५ उरतात. डावीकडील २, २, ३ यांचा गुणाकार १२ हा मसावि. लसाविसाठी त्याला उरलेल्या ६ आणि ५ नेही गुणावे लागते, ते विसरल्यामुळे ३६० ऐवजी १२ च लिहिले जातात.

मोठ्या संख्यांचे अवयव पाडताना ९१ ला मूळसंख्या समजणे ही नेहमीची फसगत आहे (९१ म्हणजे ७ गुणिले १३). अशा वेळी इसवीसनपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने मांडलेली भागाकाराची रीत मला अधिक भरवशाची वाटते: ३९१ ला २९९ ने भागल्यास बाकी ९२, २९९ ला ९२ ने भागल्यास २३, आणि ९२ ला २३ ने निःशेष भाग जातो, म्हणून मसावि २३.

मसावि आणि लसावि यांचा गुणाकार मूळ संख्यांच्या गुणाकाराइतका येतो, हा ताळा फक्त दोन संख्यांसाठी आहे. ४, ६ आणि १० यांचा मसावि २ व लसावि ६०, म्हणजे गुणाकार १२०. त्या तीन संख्यांचा गुणाकार मात्र २४० आहे.