सेन्सरवर संशोधन सुरू करताय? आधी हे वाचा

सिग्नल मिळाला की सेन्सर झाला, असं नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. सिग्नल मिळवणं सोपं आहे हो. टिन ऑक्साइडची फिल्म तापवून हायड्रोजनसमोर धरली की रोध धाडकन उतरतो. पण तो कार्बन मोनॉक्साइडनेही उतरतो आणि हवेतल्या दमटपणानेही बेसलाइन (गॅस नसतानाचं वाचन) हलते. कोरड्या नायट्रोजनमध्ये घेतलेले आकडे दाखवून कोणी भुलवत असेल तर भुलू नका.

मला सगळ्यात जास्त छळलं ते तापमानाने, म्हणून तेवढं सविस्तर सांगतो. बॅटरीचा सेल चार्ज होताना किती फुगतो हे मोजायला त्यावर फायबर ब्रॅग ग्रेटिंग (काचेच्या तंतूत कोरलेली, प्रकाशाची एकच तरंगलांबी परतवणारी जाळी) चिकटवतात. 1550 नॅनोमीटरच्या आसपास ही तरंगलांबी एका मायक्रोस्ट्रेनला (म्हणजे लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) साधारण 1.2 पिकोमीटर सरकते, पण एका अंश सेल्सिअसला साधारण 10. सेल 5 अंश तापला, तर तो जराही न फुगता 40 मायक्रोस्ट्रेन दिसतात. यावरचा नेहमीचा उपाय तुम्हाला माहीत असेल: शेजारी दुसरी ग्रेटिंग केशनळीत सैल ठेवा आणि तिचं सरकणं वजा करा.

पाय घसरतो तो यानंतर. सैल ग्रेटिंगमुळे वजा होतो तो फक्त फायबरवरचा तापमानाचा परिणाम. सेलचं ॲल्युमिनियमचं कवच अंशाला सुमारे 23 मायक्रोस्ट्रेन प्रसरण पावतं आणि चिकटलेल्या फायबरला ओढत नेतं. 5 अंशांना हे शंभराच्या वर जातं! वजाबाकीनंतर चार्जिंगच्या तालावर चढणारा-उतरणारा देखणा आलेख उरतो, आणि तो इतका पटतो की संशयच येत नाही. म्हणून तोच सेल, तेच चिकटवलेलं फायबर, चार्ज न करता ओव्हनमध्ये टप्प्याटप्प्याने तापवा, प्रत्येक टप्प्यावर स्थिर होऊ द्या आणि तो आलेख आधी हातात ठेवा. काम कंटाळवाणं आहे. तरी करा.

हल्ली बरेच जण म्हणतात, ड्रिफ्ट (वाचनाचं हळूहळू सरकत जाणं) मशीन लर्निंगने काढू. माझं स्पष्ट मत: तापमान आणि चार्ज दोन्ही एकत्रच बदलत असतील, तर मॉडेलला ते वेगळे करायला शिकवणार कशावरून?

गाईड निवडताना पेपर मोजू नका. लॅबमध्ये जाऊन कॅलिब्रेशनच्या नोंदी मागा. चेहरे पडले तर समजून जा.

भट्टी किंवा सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलकडे (इंधनातून थेट वीज बनवणारा, खूप तापून चालणारा सेल) वळणार असाल तर गणित आणखी कडक होतं. तिथे 600 ते 1000 अंश असतात, आणि साधी ग्रेटिंग त्याच्या बरंच आधी पुसट व्हायला लागते. नीलमण्याचं फायबर टिकतं, पण सिग्नल गढूळ देतं.

इलेक्ट्रॉनिक्स येत नाही म्हणून घाबरू नका, ते कामाच्या ओघात जमतं. रसायनशास्त्रातून आलेल्यांची उलट चांदीच असते, कारण सेन्सर बिघडतो तो बहुधा सर्किटमध्ये नाही, पृष्ठभागावर. पहिल्या वर्षी निकाल नसला तरी चालेल. फक्त थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) एकच लावू नका.