मीठ तळाशी राहतंय? आधी ढवळणं थांबवा

तळाशी मीठ दिसलं की हात आपोआप काचकांडीकडे जातो. पाच मिनिटं ढवळलं तरी मीठ जिथल्या तिथे. मग ते कुटून बारीक केलं, तरीही तेच. विद्राव्यतेच्या, म्हणजे ठरावीक पाण्यात पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळतो हे मोजण्याच्या प्रयोगात सर्वाधिक वेळ या गल्लतीपायी वाया जातो. ढवळल्याने किंवा पूड केल्याने पदार्थ लवकर विरघळतो, एवढंच. किती विरघळणार हे त्यावर ठरत नाही. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावतं. चाळीस घातलंत तर चारेक ग्रॅम उरणारच.

उलटी चूकही तितकीच होते. मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) खडा पाण्यात न हलवता ठेवला, तर त्याच्याभोवती गडद निळा थर साचतो आणि वरचं पाणी फिकट राहतं. संपृक्त झालाय, म्हणजे आणखी मोरचूद मावणार नाही इतका भरलाय, तो फक्त तळाचा थर. इथे ढवळायलाच हवं.

‘गरम केलं की सगळं विरघळतं’ हेही डोक्यातून काढा. सोऱ्याला (पोटॅशियम नायट्रेटला) ते लागू पडतं: २० अंशांना ३२ ग्रॅम, १०० अंशांना २४०च्या वर. मिठाचा आकडा मात्र उकळत्या पाण्यातही जेमतेम ३९. आणि चुना तर चक्क उलटा वागतो. चुन्याची नितळ, संपृक्त निवळी तापवा, ती गढूळ होते, कारण गरम पाण्यात चुना कमी विरघळतो. तापवताना भांड्यावर झाकण हवं, नाहीतर पाणी वाफ होऊन जातं आणि हिशेब चुकतो.

आकडे जुळत नसतील तर तापमापी बघा. सोरा किंवा नवसागर (अमोनियम क्लोराइड) विरघळताना पाण्यातली उष्णता घेतो, पाणी गार पडतं आणि तुम्ही २० अंशांची म्हणून नोंदवलेली विद्राव्यता प्रत्यक्षात त्याहून थंड पाण्याची असते. पाणी पुन्हा २० अंशांवर आणा, ढवळा, मगच नोंद करा.

राहता राहिलं नितळ द्रावण. नितळ म्हणजे अजून जागा आहे, असं धरून चालू नका. हायपोचं (सोडियम थायोसल्फेटचं) गरम, दाट द्रावण न हलवता निवू दिलं तर मर्यादेपेक्षा जास्त हायपो धरूनही स्वच्छ दिसतं. शंका असेल तर त्याच पदार्थाचा एक बारीक स्फटिक आत टाका. विरघळला तर द्रावण असंपृक्त, तसाच पडून राहिला तर संपृक्त, आणि त्याच्याभोवती भराभर स्फटिक वाढू लागले तर अतिसंपृक्त. हायपोच्या बाबतीत तेव्हा भांडं हाताला कोमटही लागतं.