सबवूफर लावताना या चुका टाळा: आधी सोफा हलवा

गेली काही वर्षं मी मित्रांच्या घरी सबवूफर, म्हणजे बास (खालचे, जाड सूर) वाजवणारा स्पीकर, लावून देतोय. फी एकच, चहा. आणि प्रश्नही दर वेळी एकच: ‘बास येतच नाही रे, अजून मोठा सब घेऊ का?’

थांब. आधी सोफा हलव.

गेल्या पावसाळ्यात खारघरला एकाकडे गेलो होतो. हॉल चौदा बाय दहा, दहा इंची सब टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात आणि सोफा बरोबर मधोमध, कारण मागे डायनिंग टेबल. बास कमी वाटतो म्हणून पठ्ठ्याने गेनचा (सबच्या आवाजाचा) नॉब पाऊण फिरवून ठेवलेला. गाणं लावतोय तोच बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका दारात. ‘अहो, आमच्या शोकेसमधले कप नाचतायत!’ सोफ्यावर बसलेल्याला काही ऐकू येईना आणि काकांना सगळं पोचत होतं.

चौदा फूट म्हणजे सुमारे ४.२७ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. या लांबीत ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) आसपासची लाट समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये अडकून उभी राहते. तिचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. सोफा नेमका तिथेच होता. अशा खड्ड्यात गेन ओतून किंवा इक्वलायझरने तेवढेच सूर उचलून काही भरत नाही, उगाच भिंती थरथरतात. वहिनींनी टेबल भिंतीला लावायला परवानगी दिली, सोफा दोन फूट मागे गेला आणि नॉब घड्याळातल्या दहाच्या काट्यावर आला. काका पुन्हा आले नाहीत.

सबची जागा ठरवताना मी सब उचलून थेट सोफ्यावर ठेवतो, एकच बासची ओळ परत परत लावतो आणि भिंतीकडेने रांगतो. जिथे ओळीतला प्रत्येक सूर सारख्या वजनाचा वाटतो, तिथे सब ठेवायचा. बरेच जण सगळ्यात जोरात वाजणारी जागा धरतात आणि मग एकच सूर घुमत राहतो. पन्नास हजार खर्च करायला लाज वाटत नाही, रांगायला मात्र वाटते.

पाच इंची बुकशेल्फ (छोटे) स्पीकर रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर जोडतो त्या अँप्लिफायरमध्ये, ‘लार्ज’ ठेवू नका. ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचे सूर सबकडे जातील. त्यात कमीपणा नाही.

रिसीव्हर ८० वर असताना सबचा स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब ७० वर ठेवला तर दोन गाळण्या एकामागोमाग लागतात. तो नॉब पूर्ण वर, किंवा सबची गाळणी टाळणारं एलएफई इनपुट वापरा.

फेजच्या स्विचला (सबची लाट उलटी करणाऱ्या) कुणी हातच लावत नाही. ८० हर्ट्झचा टोन सब आणि स्पीकर दोघांतून वाजवा, तुम्ही जागेवर बसा, घरातल्या कुणाला तरी स्विच ० आणि १८० करायला सांगा. ज्यात आवाज भरीव, ते ठेवा. नंतर मी एकल तबला लावतो. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड चढता-उतरताना मध्येच विरली, तर सब आणि स्पीकर अजून एकमेकांना कापतायत.

माइक लावून रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (आपोआप जुळवणी) केल्यावर ‘सबचं अंतर १८ फूट’ दिसलं आणि टेपने दहाच भरलं, तर ‘दुरुस्त’ करू नका. सबमधल्या सर्किटचा उशीर त्याने फुटांत मोजलेला असतो. एक फूट म्हणजे साधारण ०.९ मिलिसेकंद. मशीनला एवढं कळतं. सोफा कुठे ठेवायचा, ते कळत नाही.

हम (सततचा घूं आवाज) येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. थ्री-पिनची अर्थिंग पिन कापायचा सल्ला देणारे महाभाग ठाण्यातही भेटलेत. त्यांना चहासुद्धा पाजू नका.