कम्युनिटी कॉलेजातून इंजिनिअरिंगला: आधी गणित-फिजिक्सची साखळी

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, इंजिनिअरिंगला जायचं (म्हणजे ट्रान्सफर व्हायचं) ठरलं असेल, तर अर्ज नंतर बघा. पहिल्या टर्मच्या आधी असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. आपलं कॉलेज, यूसीचा हवा तो कॅम्पस आणि शाखा निवडली की आपला कोणता कोर्स तिकडे कशाच्या बदल्यात धरतात ते दिसतं. तीन-चार कॅम्पसची पानं काढून शेजारी शेजारी ठेवा आणि सगळीकडे लागणारे विषय आधी घ्या. शाखाही आत्ताच ठरवा. मेकॅनिकलला स्टॅटिक्स लागतं, इलेक्ट्रिकलला सर्किट्स आणि प्रोग्रामिंग. प्रवेश थेट तिसऱ्या वर्षाला मिळत असल्याने ‘शाखा नंतर बघू’ म्हणायला जागा उरत नाही.

सगळं वेळापत्रक गणित आणि फिजिक्सवर टांगलेलं असतं. डी अँझासारख्या क्वार्टरच्या, म्हणजे छोट्या टर्म असलेल्या, कॉलेजात कॅल्क्युलसचेच चार कोर्स, मॅथ १ए ते १डी. शिवाय डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा. कॅल्क्युलसशिवाय फिजिक्सची मालिका सुरू होत नाही, आणि पुढचे इंजिनिअरिंगचे कोर्स त्या फिजिक्सवर. एक कडी निसटली की त्यानंतरचं सगळं लांबतं, कारण यातले काही कोर्स वर्षातून एकदाच लागतात. म्हणून कागदावर उलटं मोजा: शेवटच्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे वसंतातल्या टर्ममध्ये, काय संपलं पाहिजे, त्याच्या आधी काय, त्याच्याही आधी काय. सुरुवातच प्रीकॅल्क्युलसपासून असेल तर समर टर्म किंवा तिसरं वर्ष धरून चाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही, नातेवाईक काहीही म्हणोत. (कम्युनिटी कॉलेज म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची जागा, हा आपल्याकडचा समज कॅलिफोर्नियातल्या सनीवेल-फ्रीमॉंटपर्यंत येऊन पोचलेला आहे.)

मालिका मध्येच तोडू नका. फिजिक्सचा पहिला भाग क्वार्टरच्या डी अँझात आणि पुढचा सेमिस्टरच्या (लांब टर्मच्या) ओलोनी कॉलेजात घेतला, तर मधले धडे सुटतात आणि यूसीत मालिका पूर्ण धरतीलच असं नाही. काउन्सेलरबरोबर एज्युकेशन प्लॅन लवकर करून घ्या, कारण नोंदणीचा नंबर वर यायला त्याची मदत होते आणि फिजिक्सच्या लॅबच्या जागा भराभर जातात.

जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे शाखेबाहेरच्या सामान्य विषयांच्या, मागे फार धावू नका. कॅल-जीईटीसी (या सामान्य विषयांचा ठरलेला संच) पूर्ण करण्यापेक्षा शाखेचे विषय संपवणं इथे जास्त मोलाचं. इंग्रजीचे दोन कोर्स मात्र सुटत नाहीत. ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स स्प्रिंगअखेर हवीत. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी जीपीएची (ग्रेडच्या सरासरीची) किमान अट २.४ असली, तरी इंजिनिअरिंगसाठी तेवढ्यावर विसंबू नका.

टॅग, म्हणजे हमीचा प्रवेश, एकाच कॅम्पसला मागता येतो आणि तो १ ते ३० सप्टेंबरमध्येच भरायचा. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो तो देत नाहीत. बाकी ठिकाणीही इंजिनिअरिंगच्या शाखांची यादी त्या वर्षीची बघा. यूसीचा मुख्य अर्ज १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. त्यात ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची असतात. एक सगळ्या ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचं, तीन आपल्या निवडीची. शिफारसपत्रं मागत नाहीत. पण कोर्स आणि ग्रेड स्वतः भरायच्या असतात, तेव्हा ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवूनच भरा आणि कुठल्याही कॉलेजात घेतलेला, अगदी नापास झालेला कोर्ससुद्धा गाळू नका. लपवलेलं सापडलं तर मिळालेला प्रवेश जातो. जानेवारीत फॉलच्या (शरदातल्या टर्मच्या) ग्रेड आणि स्प्रिंगचे कोर्स टाकायचं अपडेट असतं. ते बऱ्याच मुलांकडून राहून जातं. कॅलेंडरवर आत्ताच लिहा. कॅल स्टेट ही राज्याची दुसरी विद्यापीठ-साखळी, तिचा अर्ज वेगळा. तिच्यातल्या सॅन होजे स्टेटला इंजिनिअरिंगसाठी गर्दी असते, तरी तो भराच.

एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांसाठी आणखी एक तारीख महत्त्वाची: एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी एच-४ संपतो, म्हणून व्हिसा बदलायचा असेल तर वकिलाशी बरंच आधी बोला. एच-४ वर फेडरल आर्थिक मदत मिळत नाही, तेव्हा फीचा हिशेबही तसाच मांडा.

प्रवेश आला की १ जूनपर्यंत होकार कळवायचा, १ जुलैपर्यंत शेवटच्या ट्रान्सक्रिप्ट पाठवायच्या. शाळेत एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा दिल्या असतील तर त्यांचे अधिकृत स्कोअरही पाठवा. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून जपून ठेवा. नव्या विद्यापीठाने एखाद्या कोर्सबद्दल शंका काढली तर दाखवायला तोच लागतो.