समुद्रसपाटीवरून गोमुखला: कोकणातून हिमनदीच्या ट्रेकची आखणी

उत्तराखंडातल्या गंगोत्रीहून गोमुखाची, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाची, वाट १८ किलोमीटरची, मळलेली, चढ बेताचा. किलोमीटर मोजले तर ‘दोन दिवसांत जाऊन येऊ’ हा हिशेब बरोबर वाटतो. मीटर मोजले की तो फसतो. रत्नागिरी, दापोली, मालवणचा माणूस झोपतो शून्य ते शंभर मीटरवर. गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर, वाटेवरचा मुक्काम भोजवासा ३,८०० च्या आसपास, गोमुख जवळजवळ ४,०००. हवेचा दाब गंगोत्रीला समुद्रकाठच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतो, गोमुखाशी साठ. म्हणून आधी रात्रीचे मुक्काम ठरवा, चालायचे दिवस त्याभोवती बसवा.

महिना कोणता

दोनच खिडक्या: मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा पहिला आठवडा, आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. गंगोत्री मंदिर अक्षय्य तृतीयेला उघडते, दिवाळीच्या पाडव्याच्या सुमारास बंद होते आणि त्यासोबत बहुतेक हॉटेले-ढाबेही आवरतात. मेमध्ये यात्रेची गर्दी असते. शिवाय कोकणात तो आंब्याचा हंगाम, बागायतदाराला घर सोडता येत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना गणपती विसर्जनानंतरचे दिवसच सोयीचे. हवा धुतलेली, शिवलिंग आणि भागीरथी शिखरे स्वच्छ दिसतात. मात्र रात्री पारा शून्याखाली जातो.

जुलै-ऑगस्ट टाळाच. रस्त्यावर दरडी येतात. ५ ऑगस्ट २०२५ रोजी धरालीत खीरगंगेच्या लोंढ्याने बाजारपेठ गाडली गेली, ती याच रस्त्यावर. कावडयात्राही (गंगाजल न्यायला येणाऱ्या शिवभक्तांची) याच काळात असते आणि तारखा काढताना आपली मंडळी इथे हमखास चुकतात. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो. त्यांच्या श्रावणाचा पहिला पंधरवडा, म्हणजे ऐन कावडीचा काळ, आपल्या कालनिर्णयात आषाढ वद्य म्हणून छापलेला असतो. ‘श्रावण लागायच्या आत जाऊन येऊ’ म्हणणारे बरोबर त्या गर्दीत सापडतात.

गाडी, परवाना, नोंदणी

आरक्षण साठ दिवस आधी उघडते. मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीहून दुसऱ्या दिवशी निजामुद्दीनला पोचवते. तिथून हरिद्वार किंवा ऋषिकेश. केरळातून कोकण रेल्वेमार्गे योगनगरी ऋषिकेशला जाणारी साप्ताहिक गाडीही आहे, तिचा वार जुळला तर दिल्लीतली ओढाताण वाचते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक चालू असते, वेळा बदललेल्या असतात. दिल्लीत पुढची गाडी किमान सहा तासांच्या अंतराने धरा. गोव्यातल्या मोपाहून विमानाने गेलात तर वाचलेला दिवस गंगोत्रीच्या अलीकडच्या हर्षिलला खर्च करा, घरी लवकर परतण्यासाठी नव्हे.

कागद दोन वेगवेगळे लागतात. चारधाम यात्रेची ऑनलाइन नोंदणी गंगोत्रीपर्यंत जायला; पुढे गंगोत्री राष्ट्रीय उद्यान लागते, त्यासाठी वनखात्याचा परवाना. दिवसाला १५० जणांनाच सोडतात. आधी ऑनलाइन पाहा, नाहीतर उत्तरकाशीच्या वनविभाग कार्यालयात आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन सकाळी उघडतानाच हजर राहा. त्या दिवशी सरकारी सुट्टी नाही ना, हे घरूनच बघून ठेवा. एका सुट्टीने सगळे मुक्काम पुढे ढकलले जातात. पैसेही उत्तरकाशीतच काढा, वर एटीएमचा भरवसा नाही.

मुक्कामांचा आराखडा

ऋषिकेशहून पहिला मुक्काम उत्तरकाशी, सुमारे ११५० मीटर. दुसरा आणि तिसरा हर्षिल, २,६०० च्या आसपास. मधल्या दिवशी मुखबा गावापर्यंत चालून या. गंगोत्रीची मूर्ती हिवाळ्यात तिथे असते. चौथा आणि पाचवा मुक्काम गंगोत्री. पाचव्या दिवशी उद्यानाच्या वाटेवर तासभर चढून परत खाली झोपायला या. सहावा आणि सातवा भोजवासा, म्हणजे गोमुख पाहून पुन्हा तिथेच. आठव्या दिवशी गंगोत्री गाठून जमल्यास त्याच संध्याकाळी हर्षिल. एक दिवस मोकळा ठेवा, तो दरडीचा.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा वर नेऊ नये, हा सर्वमान्य नियम. गंगोत्री ते भोजवासा हा सातशेचा टप्पा तो मोडतो, आणि मधल्या चीडवासाला राहायची सोय होईलच असे नाही. त्याची भरपाई म्हणून गंगोत्रीत दोन रात्री. टूर कंपन्यांच्या पत्रकात हीच रात्र सर्वात आधी छाटलेली दिसते. ऋषिकेशहून एका दिवसात गंगोत्री आणि दुसऱ्या दिवशी भोजवासा असा बेत कोणी दिला तर नाही म्हणा.

सराव

बारा आठवडे धरा. आठवड्यातून चार दिवस पाऊण तास झपझप चाल, दोन दिवस चढ. कोकणात चढासाठी व्यायामशाळा नको. वाडीतली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पुरते. पहिले चार आठवडे रिकाम्या पाठीने दहा-बारा फेऱ्या, पुढचे चार सॅकमध्ये पाच किलो, नंतर आठ. पाण्याच्या बाटल्या भरून न्या. उतरताना गुडघे कुरकुरले तर ओतून टाकता येते. पावसात पाखाडीवर शेवाळ धरते, तेव्हा घाटातली डांबरी सडक घ्या. पुळणीवरची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतली, चाल घोट्यांना चांगली, पण तिने चढाचा सराव होत नाही.

नवव्या आठवड्यापासून लागोपाठ दोन दिवस चाला. पाचाडहून रायगड चढून-उतरून दुसऱ्या दिवशी पुन्हा, किंवा खेडचे रसाळगड, सुमारगड, महिपतगड सलग. दुसऱ्या दिवशी पाय कसे चालतात ते पाहायचे असते. शेवटचा आठवडा हलका ठेवा.

हा सराव दमासाठी आहे, उंचीसाठी नाही. महाराष्ट्रातले सर्वात उंच कळसूबाईही १,६४६ मीटर, तिथे शरीराला विरळ हवेची ओळख होत नाही. उलट तंदुरुस्त पोरांनाच जास्त त्रास होताना दिसतो, कारण ते भराभर वर जातात.

विरळ हवा

वर गेल्यावर श्वास जलद होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. मूत्रपिंडे ते सावरतात, पण त्यांना दोन-चार दिवस लागतात. हर्षिल-गंगोत्रीचे मुक्काम त्यासाठीच. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, हेच काम लवकर करवते. प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी, रक्तदाब-मधुमेहवाल्यांनी आणि खरे तर सगळ्यांनीच ती गावातल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नका.

डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा भूक मरणे असेल तर तो उंचीचा आजार समजा, दुसरे कारण सापडेपर्यंत. त्या रात्री वर जायचे नाही. बसल्या जागी धाप, न थांबणारा खोकला, निळसर ओठ ही फुप्फुसात पाणी झाल्याची खूण. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलणे भरकटत असेल तर मेंदूला सूज. दोन्हीत सकाळची वाट न पाहता लगेच खाली, आजाऱ्याला एकटे न सोडता. भोजवासाहून गंगोत्री १४ किलोमीटर आणि तिथून उत्तरकाशीचे जिल्हा रुग्णालय सुमारे शंभर, हे अंतर लक्षात घेऊनच ‘थोडे थांबून बघू’ म्हणा.

पाण्याबाबत कोकणी माणूस विशेष फसतो. इथे घाम निथळतो म्हणून तहान कळते. तिथल्या कोरड्या वाऱ्यात घाम अंगावर दिसण्याआधीच उडतो. दिवसाला साडेतीन-चार लिटर प्या, लघवी फिकट हवी. आमसुले, मीठ, साखर घालून केलेले पाणी वर पोटात टिकते आणि नुसत्या पाण्याचा कंटाळा येत नाही.

सामान आणि शिधा

भोजवासाला गढवाल मंडळाचे विश्रामगृह आणि आश्रमात राहता येते, तेव्हा तंबू नको. सॅक आठ-नऊ किलोत बसली पाहिजे. अंगाला लागून सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, मध्ये फ्लीस, वर पिसांचे जाकीट, सर्वात वर वारा-पाऊस अडवणारे. सुती बनियन घरी ठेवा. ओले झाले की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढते. स्लीपिंग बॅग उणे दहाची घेताना लेबलावरचा ‘कम्फर्ट’चा आकडा पाहा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोपेसाठी नाही. जाकीट, बॅग, काठ्या ऋषिकेश-उत्तरकाशीत भाड्याने मिळतात. बूट मात्र स्वतःचेच, किमान शंभर किलोमीटर वापरलेले.

जुने बूट कपाटातून काढून थेट नेऊ नका. पॉलियुरेथेनचा मधला तळ कोकणातल्या दमट हवेत आतून कुजतो. दिसायला बूट नवा, आणि चीडवासाच्या अलीकडेच तळवा सुटतो. महिनाभर आधी घालून डोंगर चढा, टाचेजवळ अंगठ्याने दाबून भुगा होतो का पाहा. तरी सॅकमध्ये दोन मीटर कापडी चिकटपट्टी असू द्या.

उकडे तांदूळ नेऊ नका. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते, कुकर नसेल तर ते शिजता शिजत नाहीत. त्याऐवजी कुळथाची पिठी, मेतकूट, खरवडलेला गूळ आणि चालताना चघळायला फणसपोळी-आंबापोळी. सुकट-बोंबील मोह झाला तरी नको. गंगोत्री तीर्थक्षेत्र आहे.

वाटेवर

गंगोत्रीहून सकाळी सहाला निघा. चीडवासा नऊ किलोमीटरवर, पुढे भोजवासा पाच. या दुसऱ्या टप्प्यात ‘गिला पहाड’चा ढिसाळ उतार आहे. ऊन चढून वारा सुटला की वरून दगड सुटतात, म्हणून तो दुपारच्या आत पार करा, फोटोसाठी थांबू नका, माणसामाणसांत अंतर ठेवा. वाटेतले नालेही दुपारी फुगतात, कारण वरचे बर्फ उन्हाने वितळलेले असते. सकाळी पायाचा घोटा बुडेल एवढे पाणी परतताना गुडघ्याला लागू शकते.

गोमुखाच्या तोंडाशी जायचे नाही. सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या हिमनदीचे ते टोक सतत तुटत असते, बर्फाचे तुकडे इशारा न देता खाली येतात. अर्धा किलोमीटर आधी थांबा. तपोवन हा वेगळा बेत आहे. ४,४०० मीटरच्या वर, ढिगाऱ्यावरून, वाट दरवर्षी बदलणारी. स्थानिक वाटाड्या आणि आणखी एक मुक्काम नसेल तर तो या सहलीत घुसडू नका.

प्लास्टिकची नोंद उद्यानाच्या फाटकावर होते. तितकेच परत दाखवा. भोजपत्राची साल सोलू नका, लाकूड जाळू नका. गंगोत्रीच्या पुढे फोन लागत नाही, तेव्हा घरच्यांना ‘अमुक तारखेला संध्याकाळपर्यंत फोन येईल, त्यात एक दिवस इकडेतिकडे’ असे सांगून निघा.

परतल्यावर स्लीपिंग बॅग दोन दिवस सावलीत पसरून पूर्ण वाळवा, दाबून पिशवीत न कोंबता सैल टांगा. बुटांत वर्तमानपत्र भरा, ते ओलसर लागायचे थांबेपर्यंत बदलत राहा.