टोन बिघडला की आधी पेडल घेऊ नका: गिटार वाजवणाऱ्यांनी या चुका टाळा

गिटार वाजवणारे ‘साउंड’ आणि ‘टोन’ हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि पुढची बरीचशी गफलत तिथूनच सुरू होते. साउंड म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं ते सगळं: डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज), डिले (मागून येणारा प्रतिध्वनी), रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा), खोलीचा घुमारा. टोन म्हणजे त्या सगळ्याच्या आत वाजणाऱ्या एकेका स्वराचा पोत. स्वर टोकदार आहे की गोल, भरीव आहे की पोकळ, तार छेडल्यावर तो कसा उमटतो आणि कसा विरत जातो. डिले बंद केला की साउंड बदलतो, टोन तोच राहतो.

म्हणून सर्वांत महागात पडणारी चूक ही, की टोन आवडेनासा झाला की माणूस नवीन पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाने चालवायची डबी, शोधायला लागतो. त्याआधी सगळी पेडल्स काढा. गिटार थेट अ‍ॅम्पमध्ये लावा, आवाज क्लीन ठेवा, बास-मिड-ट्रेबल मधोमध आणा आणि एकच स्वर वाजवत राहा. पिक (तार छेडायची चकती) ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, नेलं की आवाज कडक आणि पातळ होतो, नेककडे, म्हणजे गिटारच्या दांड्याकडे, आणलं की गोल होतो. तार टोकाजवळ छेडली की वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत वाजणारे उंच उपस्वर) जोरात उठतात, मधल्या भागाकडे छेडली की मूळ स्वर पुढे येतो. पिकचा कोन थोडा तिरका करून बघा. मग 0.6 मिलिमीटरचं पिक ठेवून 1 मिलिमीटरचं घ्या. डाव्या हाताचं बोट फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्टीच्या, अगदी मागे टेकतंय का, तेही पाहा. दूर टेकलं तर स्वर खरखरतो. अर्धा तास हे केलंत तर एक पैसाही न घालवता पाच-सहा टोन हाती लागतील. इथे स्वर पोकळ असेल तर पेडल फक्त तो पोकळपणा मोठा करून ऐकवेल.

दुसरी चूक गेनची, म्हणजे सिग्नल किती जोरात ढकलून आवाज फाटवायचा ते ठरवणाऱ्या नॉबची. गेन वाढवला की लहरींची शेंडी छाटली जाते, हळू आणि जोरात छेडलेल्या स्वरांतला फरक पुसला जातो आणि बोटांची चूकही झाकली जाते. एकट्याने वाजवताना ते सुखाचं वाटतं. पण तीन-चार स्वरांची कॉर्ड धरा, की नुसता चिखल. रेकॉर्डिंगमध्ये भिंतीसारखी वाटणारी गिटार पुष्कळदा कमी गेनवर दोन-तीनदा वाजवून थर चढवलेली असते. गेन इतका खाली आणा की पिकचा आघात पुन्हा ऐकू येईल. सुरुवातीला हात उघडा पडल्यासारखा वाटेल, तरी तिथेच थांबा.

तिसरी तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो: ‘घरी टोन जबरदस्त, बँडमध्ये गिटार गायब.’ घरी हळू आवाजात वाजवताना मिड्स (आवाजाचा मधला भाग) कापून बास आणि ट्रेबल चढवलेले असतात. त्यामागे कानाचा स्वभाव आहे. आवाज हळू असला की कानाला मंद्र आणि फार तीव्र भाग कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं. घरी ती उणीव आपण नॉबने भरून काढतो, आणि मोठ्या आवाजात तीच भर घुमते आणि बोचते. शिवाय खालचा भाग बेस गिटार आणि किक ड्रमचा, वरचा झांजांचा. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सुमारे 82 हर्ट्झची, बेसची त्याच्या निम्म्यावर. गिटारला स्वतःची जागा उरते ती मिड्समध्ये. सेटिंग बँडसोबत, वाजवायच्या आवाजातच करा. एकट्याने ऐकताना ते जरा नाकातलं वाटलं तर वाटू द्या.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून त्याच्या शेजारी उभं राहू नका. स्पीकरचा तीव्र भाग झोतासारखा सरळ समोर जातो. तो तुमच्या गुडघ्यांपाशी राहतो, तुम्ही ट्रेबल वाढवत जाता आणि समोरच्यांचे कान किटतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा.

गिटारवरचे नॉब कायम 10 वर ठेवणारेही खूप. व्हॉल्यूम 7 वर आणला की बऱ्याच गिटारी मऊ होतात, हीच तर मजा आहे. मात्र आवाज मऊ न होता एकदम बोथट, ट्रेबल हरवल्यासारखा होत असेल, तर केबल तपासा. पॅसिव्ह पिकअपमधून (तारांखालचा, बॅटरीशिवाय चालणारा चुंबकी भाग) निघालेला ट्रेबल लांब केबल गिळते. केबल आखूड करा, बफर (सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट) लावा, किंवा व्हॉल्यूमच्या नॉबखालच्या पॉटवर ट्रेबल-ब्लीडचा, म्हणजे ट्रेबल वाचवणारा, छोटा कपॅसिटर बसवून घ्या.

आणि वरच्या फ्रेट्सवर जाड तारा डगमगतात, एकाच स्वरात दोन सूर ऐकू येतात, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका लागणं) काही केल्या बसत नाही? पिकअप तारांच्या फार जवळ असेल. त्याचं चुंबक तार ओढून धरतं. नेककडच्या पिकअपचे स्क्रू दोन-तीन फेरे फिरवून तो खाली करा आणि तोच स्वर पुन्हा वाजवा.