लायसन्सवर बेतलं तेव्हा

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मॅनेजरनं आत बोलावलं, तेव्हा टेबलावर पिक्सिसचे कागद पसरलेले होते. पिक्सिस म्हणजे वॉर्डातलं औषधांचं कुलूपबंद कपाट. बोट टेकवल्याशिवाय त्याचा कप्पा उघडत नाही, आणि उघडला की कुणी, कोणत्या रुग्णासाठी, किती वाजता, किती काढलं याची नोंद कायमची राहते. माझ्या नावावरचं हायड्रोमॉर्फोन, म्हणजे अफूच्या जातीचं (ओपिऑइड) कडक वेदनाशामक, त्याच युनिटमधल्या बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकून द्यायचं असतं, त्याला आम्ही ‘वेस्ट करणं’ म्हणतो. माझ्या त्या नोंदी एक तर उशिराच्या होत्या, नाही तर नव्हत्याच. एचआरच्या बाईंनी मऊ आवाजात विचारलं, काही सांगायचंय का?

मी सगळं सांगितलं. वर त्यांनी पुढे केलेल्या कागदावर लिहून सही केली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तोच कागद पुढं लायसन्स देणाऱ्या नर्सिंग बोर्डासमोर जसाच्या तसा आला आणि त्यातली दोन वाक्यं मला दोन वर्षं पुरली.

अमेरिकेत नर्सिंग करणाऱ्या, आणि आज माझ्या त्या दिवसाच्या जागी असलेल्या कुणासाठी हे लिहिते आहे. खोटं बोलू नका, खोट्यानं यातून कुणीच सुटत नाही. पण खरं आधी कुणाला सांगायचं आणि नंतर कुणाला, याला क्रम आहे. मला तो कुणी सांगितला नव्हता.

माझी गोष्ट थोडक्यात. रुग्णाला उचलताना पाठ धरली, डॉक्टरांनी हायड्रोकोडोन, त्याच जातीची वेदनाशामक गोळी, दिली, दुखणं गेलं तरी गोळी राहिली. गोळ्या संपल्यावर हात वेस्टकडे गेला. ‘टाकूनच द्यायचंय ना’ हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते खरंच वाटायला लागलं. रुग्णाच्या वाटणीचं कधी घेतलं का, हा प्रश्न मला नंतर सगळ्यांनी विचारला. उत्तर देताना आजही घसा कोरडा पडतो. एकदा एका रुग्णाला पूर्ण डोस मिळाला नाही. दोनदा नाही, एकदाच, असं म्हणायची सवय मी मोडली आहे.

तर, क्रम. सगळ्यात आधी डॉक्टर. नोकरीवरून घरी पाठवलेल्या नर्सचे पहिले दोन-तीन दिवस फार वाईट असतात. एकीकडे औषध तुटल्यानं अंग मोडून येतं, दुसरीकडे तोंड दाखवायला जागा उरली नाही असं वाटतं. या दिवसांत जिवाचं बरंवाईट करून घेतलेल्या नर्स आहेत, म्हणून एकटं राहू नका. नवरा, मैत्रीण, शेजारीण, कुणी तरी घरात हवं. जीव नकोसा झाला तर 988 वर फोन करा. माझ्या वेळी हा नंबर नव्हता, जुलै 2022 पासून आहे. उपचारकेंद्रात जे बोलाल त्याला संघराज्याच्या कायद्याचं वेगळं, बरंच घट्ट संरक्षण आहे. मात्र पुढं व्यसनातून बाहेर पडणाऱ्या नर्सेसच्या देखरेखीच्या कार्यक्रमात (त्याबद्दल खाली सांगते) गेलात की त्या कागदपत्रांसाठी तुमची लेखी संमती मागतात, ती कशाकशासाठी देताय ते वाचा. नोकरी अजून शाबूत असेल आणि 12 महिने व 1,250 तास भरले असतील, तर एफएमएलए या रजेच्या कायद्याखाली 12 आठवड्यांची बिनपगारी रजा उपचारासाठी मिळू शकते. मोठ्या हॉस्पिटलला हा कायदा लागू असतोच.

मग वकील. घर खरेदीचे कागद करून देणारा ओळखीतला नव्हे, नर्सिंग बोर्डासमोर रोज उभा राहणारा. ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ नर्स अ‍ॅटर्नीज’ ही संस्था आहे, तिथले बरेचसे वकील आधी नर्सच होते. स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी असेल तर ती काढून बघा, लायसन्सच्या चौकशीचा वकिलाचा खर्च अनेक पॉलिसींत धरलेला असतो. हॉस्पिटलची पॉलिसी इथं कामाची नाही, ती हॉस्पिटलला सांभाळते. बोर्डाचा इन्व्हेस्टिगेटर फोनवर फार छान बोलतो. त्यालाही छानच बोलावं: माझे वकील तुमच्याशी बोलतील.

आणि ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असाल तर दुसरा वकील, इमिग्रेशनचा. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. फौजदारी गुन्हा दाखल झाला तर सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल करा, उपचार पूर्ण करा, खटला काढून टाकू. इथं जन्मलेल्या नर्ससाठी तो चांगला सौदा असतो. आपल्यासाठी नसतो. कोर्टानं नंतर खटला निकालात काढला तरी कबुली आणि त्याबरोबरची शिक्षा किंवा अट इमिग्रेशन कायद्याच्या नजरेत ‘कन्व्हिक्शन’ ठरू शकते, आणि अमली पदार्थांचं कन्व्हिक्शन देशाबाहेर काढायला पुरेसं असतं. माझ्या बाबतीत गुन्हा दाखल झाला नाही, हे निव्वळ नशीब. कार्यक्रमातल्या नर्सेसच्या ग्रुपमधल्या एका फिलिपिनो मैत्रिणीचं नशीब तसं नव्हतं.

आता बोर्ड. प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं, नियम वेगळे, पण वाटा साधारण दोनच. एक शिस्तीची: तक्रार, चौकशी, मग कन्सेंट ऑर्डर (तुमच्या संमतीनं ठरलेला आदेश), प्रोबेशन किंवा लायसन्स रद्द. ही ऑर्डर जगजाहीर असते. नर्सिस (Nursys) या नर्सेसच्या लायसन्सची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर तुमचं नाव टाकलं की कुणालाही दिसते, आणि नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक या कारवायांच्या सरकारी नोंदवहीतही जाते. दुसरी वाट उपचार आणि देखरेखीची. फ्लोरिडात 1983 साली असा कार्यक्रम सुरू झाला. आज टेक्सास, न्यू जर्सी आणि इतर बहुतेक राज्यांत तो आपापल्या नावानं आहे. वेळेवर, आपणहून गेलात, रुग्णाला इजा झालेली नसेल, तर बऱ्याच राज्यांत हे लायसन्सवर जाहीर दिसत नाही. म्हणून कार्यक्रमाला आपणहून कधी फोन करायचा, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. उशीर केलात तर हॉस्पिटलची तक्रार आधी पोचते आणि दार अर्धं बंद होतं.

एक चूक मी करता करता राहिले: ‘नकोच हे लायसन्स, देऊन टाकते परत.’ चौकशी चालू असताना लायसन्स परत करणं हीदेखील शिस्तभंगाची कारवाईच धरली जाते आणि डेटा बँकेत नोंदवली जाते. एवढंच नाही, आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या कार्यालयाची बंदी घातलेल्यांची एक यादी असते. तिच्यात नाव गेलं की मेडिकेअरचे पैसे घेणारं कुठलंही हॉस्पिटल तुम्हाला ठेवू शकत नाही, अगदी नर्सिंग सोडून रिसेप्शनवरसुद्धा. पुढं लायसन्स मिळालं तरी नाव आपोआप निघत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. तेव्हा वैतागून सही करू नका. वैताग दोन दिवसांत उतरतो.

कार्यक्रमाबरोबरचं माझं कॉन्ट्रॅक्ट पाच वर्षांचं होतं. तीन ते पाच वर्षं ही नेहमीची मुदत. रोज सकाळी ठरलेल्या वेळेत अ‍ॅपवर चेक-इन, नंबर लागला तर त्याच दिवशी युरीन टेस्ट, आठवड्याला नर्सेसचा ग्रुप, व्यसनमुक्तीच्या मीटिंगा, थेरपिस्टचे आणि कामावरच्या मॉनिटरचे ठरावीक अहवाल. टेस्टचे पैसे आपले. पहिल्या वर्षी नोकरी नव्हती आणि टेस्ट महिन्याला चार-पाच, तेव्हा मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं मोडलं. कार्यक्रमात आलेल्यांनी पैशाचा हिशोब पहिल्या आठवड्यातच मांडावा. चेक-इन चुकण्यामागं बऱ्याचदा दारू नसते, खात्यात पैसे नसतात.

टेस्टबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण व्यसन पूर्ण सुटलेली माणसंसुद्धा इथं अडकतात. लघवी होणार नाही या भीतीनं मी एकदा सकाळी दीड लिटर पाणी प्यायले. नमुना ‘डायल्यूट’ आला: क्रिएटिनिन डेसिलिटरमागे 20 मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजे लघवी फार पातळ. कार्यक्रमाला यात लपवाछपवीचा वास येतो. नंबर लागला तर शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या आणि त्याआधी पिंप रिकामं करू नका. दारूसाठी ईटीजी नावाची टेस्ट असते, ती दोन-तीन दिवसांपूर्वीचं पिणंही पकडू शकते. मात्र ती इतकी हळवी आहे की माउथवॉश, खोकल्याचं औषध, सतत हाताला चोळलेलं सॅनिटायझर यांचाही माग लागू शकतो. शंका आली तर पेथ ही रक्ताची टेस्ट मागा, किरकोळ संपर्कावर ती सहसा उमटत नाही आणि खऱ्या पिण्याचा काही आठवड्यांचा पुरावा देते.

आता आपल्या लोकांसाठी खास. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुठलंही आसव किंवा अरिष्ट: बंद. ते आंबवूनच तयार होतं, त्यात दारू असतेच. होमिओपॅथीचे टिंक्चरचे थेंबही बंद. आणि खसखस. पहिल्या दिवाळीला मैत्रिणीनं फराळाचा डबा आणून दिला, वर जाळीदार, खसखस लावलेले अनारसे. मी एक उचलला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. खसखशीच्या दाण्यावर मॉर्फिन आणि कोडीनचा अंश असतो, टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं 2023 मध्ये सैनिकांनासुद्धा खसखस टाळायला सांगितलं, म्हणजे हे माझं खूळ नव्हे. मैत्रिणीला काय सांगायचं हे कळेना, म्हटलं, पित्त झालंय. तिला खरं सांगायला मला पुढची दिवाळी उजाडली. तिनं त्या वर्षी चार अनारसे खसखशीशिवाय केले. ते चांगले झाले नव्हते.

नोकरी मिळणं हा सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात अपमानाचा भाग. कॉन्ट्रॅक्टमध्ये पहिले सहा महिने ते वर्षभर नार्कोटिकला हात लावायचा नाही असं असतं, त्याशिवाय ओव्हरटाइम नाही, एजन्सी नाही, होम हेल्थ नाही, बऱ्याचदा रात्रपाळीही नाही. कॉम्पॅक्ट लायसन्स (एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करता येतं ते) असेल तर कार्यक्रमात असेपर्यंत दुसऱ्या राज्यांत काम करायची मुभा बंद होते, तेव्हा ट्रॅव्हल नर्सिंगचं मनातून काढा. मी एकोणीस ठिकाणी अर्ज केले. डायलिसिस सेंटरनं घेतलं, तिथं नार्कोटिक जवळजवळ नसतंच. केस मॅनेजमेंट, इन्शुरन्स कंपनीतलं फाईल तपासायचं काम, लसीकरण, हेही बघा. इंटरव्ह्यूत हे आपणहून, शेवटच्या दहा मिनिटांत, दोन वाक्यांत सांगावं. पूर्ण कहाणी सांगू नये. मी पहिल्या तीन ठिकाणी पूर्ण सांगितली, समोरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, नोकरी आली नाही.

पुढं वॉर्डात परतल्यावर माझ्या रुग्णाला मॉर्फिन लागलं की शेजारणीला बोलवावं लागायचं. त्याच्या बदल्यात मी तिच्या अवघड शिरा शोधून आयव्ही लावायचे. हा व्यवहार पहिल्याच दिवशी उघडपणे ठरवा, म्हणजे पाठीमागं कुजबुज होत नाही. थोडी होतेच.

उपचारात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असेल तर, ‘ही औषधं सोडल्याशिवाय कार्यक्रमात घेणार नाही’ असं कुणी म्हटलं तर मान डोलवून येऊ नका. मार्च 2022 मध्ये न्याय खात्यानं इंडियानाच्या नर्सिंग बोर्डाबाबत स्पष्ट निष्कर्ष काढला, की ओपिऑइडच्या व्यसनावर डॉक्टरांनी दिलेलं औषध घेणाऱ्या नर्सला मदत-कार्यक्रमातून बाहेर ठेवणं हा अपंगत्व कायद्याचा, म्हणजे एडीएचा, भंग आहे. तो निष्कर्ष छापून वकिलाकडे न्या. चालू नशेला हा कायदा संरक्षण देत नाही, उपचाराला देतो.

पाय घसरला तर? माझा तिसऱ्या वर्षी घसरला, आई गेली त्या आठवड्यात, वाइनचे दोन ग्लास. यावेळी क्रम पाठ होता. स्पॉन्सरला (मीटिंगमधला जुना, आधार देणारा सोबती) रात्रीच, सकाळी वकिलाला, दुपारी त्याच्या सल्ल्यानं कार्यक्रमाच्या केस मॅनेजरला, टेस्टचा नंबर लागायच्या आधी. कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांनी वाढलं, टेस्ट वाढल्या, लायसन्स राहिलं. त्याच महिन्यात ग्रुपमधल्या एकीनं न सांगता वाट बघितली. तिला बोर्डाकडे परत पाठवलं.

कॉन्ट्रॅक्ट संपल्याचं पत्र एका साध्या ईमेलनं येतं. त्याच्या प्रती काढून तीन ठिकाणी ठेवा, कारण दुसऱ्या राज्यात लायसन्स मागताना, हॉस्पिटलात क्रेडेन्शियलिंगच्या, म्हणजे पात्रतेच्या तपासणीच्या वेळी, पॉलिसी घेताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तो नीट वाचा. ‘कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का’ आणि ‘कधी देखरेखीच्या कार्यक्रमात होता का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊन टाकलं की नसलेली कारवाई कागदावर येते, नाही तर खोटं बोलल्याचा ठपका बसतो. माझं उत्तर पाच ओळींचं आहे, वकिलानं तपासलेलं: साल, कार्यक्रम, मुदत, पूर्ण केल्याची तारीख, सोबत पत्र जोडलं आहे. दर वेळी तेच उतरवते. एक शब्दही बदलत नाही.